ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आणि आमच्या पडवीतले ऐकणारे

२२ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचे गायक ऑझी ऑस्बर्न गेले आणि त्यानंतर बँडच्या पहिल्या अल्बमविषयी आपल्याकडे पुन्हा बोलले जाऊ लागले. बोलणाऱ्यांनी आदरानेच बोलले, पण त्या आदरातली एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. हा अल्बम ऐतिहासिक आहे, हेवी मेटल हा रॉकचा जड, गडगडाटी प्रकार इथून सुरू झाला, एवढे सांगून झाले की माणसे घाईने त्यांच्या पुढच्या अल्बमांकडे वळतात, आणि पहिल्याबद्दल इतकेच म्हणतात की ध्वनिमुद्रण कच्चे आहे, मुले अजून घडायची होती, आज ऐकताना जुनाट वाटते. मला हे मत मान्य नाही. ज्याला ही माणसे कच्चेपणा म्हणतात तोच या अल्बमचा प्राण आहे, आणि तो ओळखण्याचा कान देवळाच्या मंडपात रात्र रात्र भजन ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांपाशी नाही तर कोणापाशी असणार?

आधी घडले काय ते सांगते. गिटारवर टोनी आयोमी, बेस गिटारवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी, ही बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली विशी-एकविशीची चार मुले ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत गेली आणि सुमारे बारा तासांत अख्खा अल्बम वाजवून बाहेर पडली. निर्माते रॉजर बेन आणि ध्वनिमुद्रक टॉम अ‍ॅलम यांनी शहाणपणा असा केला की त्यांना थांबवले नाही. क्लबांतून रोज रात्री जे वाजवत होते तेच त्यांनी समोरासमोर उभे राहून वाजवले, ऑझी त्याच वेळी बाजूच्या आडोशात गात होते, आणि बहुतेक गाणी दुसऱ्यांदा वाजवायची वेळच आली नाही. पाऊस, ढगांचा गडगडाट, घंटेचे टोल आणि गिटारचे काही तुकडे तेवढे वरून जोडले गेले. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, व्हर्टिगो कंपनीने तो इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. जेमतेम अडतीस मिनिटांचा हा ऐवज आहे.

मी तो पहिल्यांदा ऐकला १९९४ मध्ये, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या कॅसेटवर, डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरी. त्या काळी दारासमोरून दिवसभर खनिजाचे ट्रक जात, भिंतीतले चिरे हादरत, आणि फळीवरची भांडी एकमेकांवर किणकिणत. तो आवाज मला मुळीच आवडत नसे, पण त्याचे वजन अंगाला ठाऊक होते. कॅसेट सुरू झाली तेव्हा ते वजन मी ओळखले. पोलादाच्या आणि यंत्रांच्या शहरात वाढलेल्या मुलांनी आपल्या भोवतालचा गदारोळ स्वरांत बसवला आहे हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

या ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तो अल्बम फोंड्याला भावाच्या घरी सगळ्यांनी मिळून ऐकला. वास्कोच्या दामोदर सप्ताहात मंडळासोबत पखवाज वाजवून थोरले मामा नुकतेच परतले होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा होता. शेजारचे गृहस्थही आले. त्यांनी चर्चच्या शाळेत लहानपणी व्हायोलिन शिकले आणि आजही ते रविवारच्या मिस्सेला वाजवतात. अल्बमच्या सुरुवातीला पाऊस आहे. सकाळपासून उघडीप होती, म्हणून तो कानावर पडताच वहिनी लगबगीने उठली आणि राजांगणातल्या दोरीवरचे कपडे काढून घेऊन आली. मग दुरून घंटेचा टोल पडला. शेजाऱ्यांनी हातातली पातोळी ताटलीत ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मरणाची घंटा. आमच्या वाड्यावर कोणी गेले की अशीच वाजते." त्यानंतर गिटारचा तो पहिला आघात झाला आणि पडवीत कोणीच काही बोलले नाही.

तो आघात म्हणजे तीन स्वर आहेत. खालचा षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून घसरून मधोमध अडकलेला, थरथरत ठेवलेला तीव्र मध्यम. पंचमाच्या उंबऱ्यावर येऊन आत न जाणारा हा स्वर. पाश्चात्त्य संगीतात या अंतराला जुन्या पंडितांनी सैतानाचे नाव दिले; चर्चने त्यावर बंदी घातली होती असेही सर्रास सांगितले जाते, पण ती दंतकथाच आहे, आणि शेजाऱ्यांनीही ते आपणहून सांगितले. मामांना या नावाचे नवल वाटले. पंचम वर्ज्य असलेला मारवा संध्याकाळी ऐकताना जी हुरहूर लागते, जिथे षड्जावर परतण्याची ओढ गायक मुद्दाम लांबवत नेतो, तिथे आपण सैतानाचे नाव काढत नाही. दिवेलागणीची अस्वस्थता म्हणतो आणि ती अंगावर घेतो. गाणे मारव्यात आहे असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे चुकीचेच ठरेल. एवढेच म्हणते की ज्या कानाने मारवा ऐकला आहे त्या कानाला हा स्वर परका वाटू नये. बटलर त्या दिवसांत इंग्लिश संगीतकार होल्स्ट यांची मंगळ ग्रहाविषयीची रचना बेसवर वाजवत असत आणि आयोमींना या स्वरांची वाट तिथून सापडली, हे त्यांनीच सांगितलेले आहे.

भाच्याचे मत मला विस्ताराने मांडले पाहिजे, कारण आजच्या तरुण श्रोत्यांपैकी अनेकांचे तेच आहे. तो म्हणाला, "आत्या, चांगले आहे, पण जड वाटत नाही." आज जे मेटल तो ऐकतो त्यात दोन-दोन गिटारी कित्येक थरांत मुद्रित केलेल्या असतात, तारा खूप खाली उतरवलेल्या असतात आणि ड्रमचा प्रत्येक ठोका संगणकावर जागच्या जागी बसवलेला असतो. त्या मानाने इथे एकच गिटार आहे, आणि तारा नेहमीच्याच सुरांत लावलेल्या आहेत. तारा उतरवणे आयोमींनी १९७१ च्या तिसऱ्या अल्बमापासून सुरू केले. मग हे संगीत जड कशाने होते? माझ्या मते, मोकळ्या जागेने. पहिल्या गाण्यात एक आघात झाल्यावर दुसरा येईपर्यंत जी पोकळी आहे, तीत ऑझींचा आवाज एकटा उभा असतो आणि पुढचा आघात कधी कोसळेल याची वाट आपण श्वास धरून पाहतो. थरांवर थर चढवले की ही पोकळीच बुजते. भाचा हे पटवून घ्यायला तयार झाला नाही, पण दुसऱ्यांदा ऐकताना त्याने डोळे मिटले होते हे मी पाहिले.

आयोमींच्या हाताविषयीही त्याला सांगितले. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामडे लावले, आणि तारा बारीक, सैल निवडल्या. बोटाला तारेचा स्पर्शच कळत नसताना हा माणूस असा भरीव स्वर काढतो, आणि आपण त्याला कच्चा म्हणावे याचे मला दुःख होते.

मामांचे ऐकणे या सगळ्यापेक्षा वेगळे होते. त्यांना इंग्रजी शब्द कळत नव्हते आणि मेटल म्हणजे काय याचे सोयरसुतक नव्हते. त्यांचे सारे लक्ष बिल वॉर्ड यांच्याकडे होते. "हा पोरगा नुसता ठेका धरत नाही, गाणाऱ्याच्या बरोबर बोलतो," असे ते पहिल्याच गाण्यानंतर म्हणाले. वॉर्ड जॅझ ऐकत, जीन क्रुपासारख्या ड्रमवादकांचे वादन कानात साठवत वाढलेले. म्हणूनच गिटारने टाकलेल्या वाक्याला ते तबलजीने जागा भरावी तसे उत्तर देतात. बेसच्या बाबतीतही मामांनी एक नेमके निरीक्षण केले. पेटीवाला गायकाच्या सावलीसारखा मागोमाग जातो तसा हा जातो, पण मधेच हात सोडून स्वतःचेही काही म्हणतो. बटलर मुळात गिटार वाजवणारे; दुसरी गिटार नसल्यामुळे ते आयोमींच्या रिफलाच, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीलाच, चिकटून, तार खेचून ती रुंद करतात. मग पहिल्या गाण्याच्या शेवटच्या दीडेक मिनिटात लय एकाएकी दौडू लागली तेव्हा मामांनी मांडीवर थाप मारली. विलंबितात रेंगाळलेली मैफल द्रुतात शिरते तो क्षण त्यांनी नेमका पकडला होता. चोवीस तास अखंड भजन चालवणाऱ्या माणसाला बारा तासांत अल्बम उरकला याचे काहीच अप्रूप वाटले नाही. चौघांचे जमलेले असेल तर आणखी वेळ कशाला लागावा, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या समीक्षकांना देता आले नाही. १९७० मध्ये लेस्टर बँग्ज यांनी रोलिंग स्टोन या अमेरिकन नियतकालिकात लिहिताना हे क्रीम या बँडसारखेच, पण त्याहून वाईट आहे असे ठरवून टाकले, आणि रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनाही ते रुचले नाही. श्रोत्यांनी मात्र तो इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत आठव्या आणि अमेरिकेच्या यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत नेला. समीक्षकांनी मुलांचे कसब मोजले. खोलीत जे घडत होते ते त्यांनी ऐकले नाही, असे मला वाटते. मैफिलीत एखादी तान निसटली म्हणून आपण उठून जातो का?

हा बँड सैतानाची पूजा करतो या आरोपाविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यात दम नाही. पहिले गाणे नीट ऐकले तर त्यातला माणूस काळी आकृती पाहून घाबरलेला आहे आणि देवाचा धावा करतो आहे. बटलर यांना एका रात्री जाग आली तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी अशी आकृती दिसली, त्या अनुभवातून ते आले. कव्हरच्या आतल्या बाजूस उलटा क्रूस कंपनीने छापला, तो बँडला न विचारता. गळ्यात ते जे क्रूस घालत ते ऑझींच्या वडिलांनी घडवून दिलेले होते. 'एन. आय. बी.' या गाण्याच्या नावातही लोकांनी अघोरी अर्थ शोधले, आणि ते आले होते वॉर्ड यांच्या टोकदार दाढीवरून, जी मित्रांना टाकाच्या निबेसारखी दिसे. शेजाऱ्यांना हे पटले, तरी कव्हरवरची काळ्या झग्यातली बाई आणि मागची मेपलडरमची जुनी पाणचक्की पाहून ते म्हणाले की रात्री एकट्याने हे कव्हर मी हाती धरणार नाही. चित्राला याहून मोठी दाद ती कोणती!

अल्बममध्ये सगळेच उत्तम आहे असा माझा दावा नाही. 'ईव्हिल वूमन' हे क्रो या अमेरिकन बँडचे गाणे त्यांनी एकल तबकडीसाठी घेतले, आणि ते ऐकताना परक्याचा सदरा घातल्यासारखे वाटते. बाकी कुठेही त्यांचे मन इतके लांब जात नाही. शेवटच्या 'वॉर्निंग'बद्दल आमच्यात एकमत झालेच नाही. तेही मूळचे दुसऱ्यांचे गाणे, दहा मिनिटांहून लांब, आणि त्यात आयोमी मधला बराच काळ एकटेच भटकतात. शेजारी म्हणाले, याला कोणी उतरवून घेऊन शिस्त लावायला हवी होती. सुरावटीची कागदावर मांडणी करण्याच्या परंपरेतून ते आलेले आहेत. ज्या परंपरेतून सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेसंगीतात गेले, ती गोव्याची मोठी ठेव आहे आणि तिचे मत मी हलके मानत नाही. मामांचे म्हणणे उलट होते. बढत करताना कलाकार वाट चुकतो, चुकत चुकत एखादी जागा हाती लागते, आणि ती लागलेली ऐकण्यासाठीच तर आपण बसतो. मी मामांच्या बाजूने आहे, पण त्यातली दोनेक मिनिटे गळाली असती तरी मला चालले असते, हेही मान्य करते.

तबकडी संपली तेव्हा बाहेर खराच पाऊस लागला होता. मामांनी पहिले गाणे पुन्हा लावायला सांगितले आणि भाच्याला जवळ बसवून द्रुताच्या ठिकाणी वॉर्ड काय करतात ते त्याच्या मांडीवर बोटांनी वाजवून दाखवले. शेजारी थांबले नाहीत, पण पुढच्या रविवारी येतो म्हणाले आहेत. अमेरिकेतल्या आवृत्तीत 'ईव्हिल वूमन'च्या जागी 'विकेड वर्ल्ड' हे त्यांचे स्वतःचे गाणे आहे, आणि त्यातले वॉर्ड ऐकल्यावर तुमचे मत तेच राहते का ते सांगा, असे मी त्यांना विचारून ठेवले आहे.