प्लॉट बघायला गाडीनं जाऊ नका, पायी जा

तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेला लागून आपल्याकडं लेआउटवर लेआउट पडतायत. जाहिरातीत एनए (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद), डांबरी रोड, लाइटचे खांब, गार्डन सगळं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, आठ वर्षांच्या पोराला आणि दळणाचा डबा घेतलेल्या बाईला जिथून पायी कुठंच जाता येत नाही, ती वस्ती नव्हे. ते नुसते प्लॉट.

तपासायचं कसं? किराणा, चक्की, अंगणवाडी, एसटीचा थांबा यांपैकी निदान दोन-तीन गोष्टी 400-500 मीटरच्या आत हव्यात, म्हणजे पाच-सात मिनिटांची चाल. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत धरली आहे. हे अंतर मोबाइलवर सरळ रेघ ओढून मोजू नका, वाटेनं मोजा.

कारण खरा घोळ वाटेतच आहे. प्रत्येक लेआउटवाला चारी बाजूंनी भिंत घालतो आणि एकच गेट हायवेवर काढतो. मग शेजारच्या लेआउटमधली शाळा भिंतीवरून दिसते, पण पोराला तिथं जायला हायवेवरून, ट्रकच्या कडेनं वळसा. दोन लेआउटच्या मध्ये 3 मीटरची बोळ सोडली तरी प्रश्न मिटतो. तोंडाशी एकेक मीटरवर सिमेंटचे खांब गाडले की चारचाकी घुसत नाही, सायकल आणि व्हीलचेअर मात्र निघते. ही बोळ नकाशा मंजूर होण्याआधीच मागायची. प्लॉट विकले गेल्यावर कोणी एक फूट सोडत नाही. मोकळ्या जागेचंही तसंच. दहा टक्के सोडायची म्हणून नाल्याकाठचा तिरपा तुकडा सोडतात, तिथं ना पोरं खेळत ना म्हातारे बसत.

जुनी पांदण, म्हणजे शेताशेतातून जाणारी वाट, असेल तर अर्धं काम झालेलंच समजा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी म्हणजे पायमार्ग. लेआउटपासून गावठाणापर्यंतची पांदण बहुतेक ठिकाणी कागदावर असते, जागेवर ती शेताच्या धुऱ्यांनी (बांधांनी) आणि बेशरमच्या झुडपांनी खाल्लेली असते. मोजणी करून ती मोकळी केली तर हायवे न ओलांडता बाजारात जाता येतं.

आता जमीन. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर थेट गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवले की दुसऱ्या पावसाळ्यात लाटा येतात आणि म्हातारं माणूस ठेचकाळतं. निदान दीड फूट काळी माती काढायची, मुरूम 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी टाकायचा, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर द्यायचा, मग वाळू आणि गट्टू. चालायच्या जागेला 60 मिलिमीटरचा गट्टू पुरतो, गाडी चढणार असेल तर 80 चा घ्या. पायवाट मोकळी 1.8 मीटर हवी. मधोमध डीपी (विजेची पेटी) किंवा विजेचा खांब आला की लोक पुन्हा रस्त्यावर उतरतात.

जागा कमी असली तर नालीवर ढापे (झाकायच्या सिमेंटच्या लाद्या) टाकून तीच पायवाट करावी. पण नालीला 100 मीटरला निदान अर्धा मीटर उतार हवा, नाहीतर पाणी तुंबतं, डास होतात, आणि लोक ढापे फोडून ठेवतात. ढापा 2 फूट बाय 2 फूट, 3 इंच जाड, सळई घातलेला असावा. त्याचं वजन 65-70 किलोच्या आसपास भरतं, दोन माणसं कडीला धरून उचलतात. चार फुटी, जाड ढापा टाकला तर तो दोन माणसांना उचलत नाही आणि नाली कधीच साफ होत नाही. जाड ढापा फक्त गेटसमोर टाका, जिथून गाडी जाते. आणि सिमेंट रस्त्यावर पुन्हा सिमेंट रस्ता करू देऊ नका. रस्ता वर चढतो, घरं खाली जातात, पाणी ओसरीत येतं.

सावलीशिवाय यातलं काहीच कामाचं नाही. मे महिन्यात 45 अंशांत कोण चालणार? मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, घराची, भिंतीची सावली पडतच नाही. तेव्हा वाटेवर आलेली झाडाची फांदीच कामी येते. कडुनिंब आणि करंज लावा, चैत्रात नवी पालवी येऊन मेमध्ये दोन्ही गच्च असतात. गुलमोहर दिसतो छान, पण वादळात फांद्या मोडतात. उत्तर-दक्षिण रस्ता असेल तर मोठी झाडं पश्चिमेच्या कडेला, म्हणजे तीन-चार वाजताची सावली रस्त्यावर येते. विजेच्या तारा मग पूर्वेकडून न्यायला लावा. तारेखाली लावलेला कडुनिंब दरवर्षी पावसाळ्याआधी छाटला जातो आणि खुंटच राहतो. खड्डा उन्हाळ्यातच 2 फूट लांब, रुंद, खोल खणून तापू द्यावा, रोप पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावं. गोधन जायच्या वाटेवर काटेरी कुंपणाशिवाय एकही रोप वाचत नाही, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं.

गतिरोधक म्हणजे टोकदार उंचवटा नव्हे. 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलसर केला तर गाडी हळू होते आणि कंबर मोडत नाही. शाळेसमोर तो हवाच.

ग्रामसभेत “रस्ता करून द्या” एवढंच म्हटलं तर साधा सिमेंटचा पट्टा मिळतो. अंदाजपत्रकाची प्रत मागा आणि त्यात मुरूमाच्या थरांची जाडी, नालीचा उतार, ढाप्याचं माप आणि झाडांच्या कुंपणाचा खर्च वेगवेगळा लिहिला आहे का ते बघा. नसेल तर तिथंच हरकत घेऊन ती ठरावात नोंदवून घ्या.