धनुष्यावरचं '४५#' म्हणजे साल नव्हे

आजोबांच्या जुन्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यावर '४५#' लिहिलंय म्हणजे ते १९४५ सालचं. खोबरेल चोळून उन्हात ठेवा, मग नुसती दोरी ओढून सोडून बघा, असा मेसेज दादर-गिरगावच्या ग्रुपांवर फिरतोय. साफ चूक. '४५#' म्हणजे ४५ पाउंड ताण, म्हणजे दोरी ओढून धरायला लागणारा जोर, बहुधा २८ इंच ओढल्यावरचा.

लाकूड आणि फायबरग्लासचे थर ग्लूने चिकटवलेले असतात. उन्हात ते सुटू शकतात. (गाडीच्या डिकीतही नको!) बाण न लावता दोरी सोडली की सगळा झटका पात्यांवरच (मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांवर) येतो, पातं तडकू शकतं. आधी कडेवरून नख फिरवा, थर कुठे उघडलाय का कळेल. पातं पिळलंय का तेही बघा. दोरी डॅक्रॉनचीच (किंचित ताणणाऱ्या पॉलिस्टर धाग्याची) घ्या. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्या जुनी टोकं फोडू शकतात.