गळका मग

आज सकाळी गाडी काढताना वॉचमनने अदबीने विचारलं, "साहेब, तुमचा कप गळतो म्हणे?"

कप नव्हे, मग. आणि गळत नाही, पाझरतो. पण हा बारकावा पार्किंगमध्ये उभं राहून वॉचमनला समजावण्याची पाळी माझ्यावर आली, ती खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे.

मग मागच्याच महिन्यात एका प्रदर्शनात घेतलेला. चाकावर घडवलेला, राखाडी-निळा, साडेआठशे रुपये. आईला हौसेनं फोन केला, "आई, हाताने केलेला मग घेतला, साडेआठशेला." पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "बादली मिळाली का बरोबर?"

पण मला तो आवडला तो आवडलाच. कान जोडताना कुंभाराने खाली अंगठा दाबलेला, ती खूण तशीच राहिली आहे आणि माझा अंगठा तिथे नेमका बसतो. कारखान्यातल्या कपाला असं कुणी धरलेलंच नसतं. आता लाड करावे लागतात, नाही असं नाही. भिंत जाड, म्हणून आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचा, नाहीतर पहिली दोन मिनिटं मगच चहा पितो. मायक्रोवेव्हमध्ये शक्यतो घालायचा नाही, कारण मातीत पाणी मुरलेलं असेल तर चहा कोमट राहतो आणि कान चटका देतो. रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवायचा नाही. चहाचे डाग खायच्या सोड्याने काढायचे, तारेच्या घासणीने नाही, कारण तारेचे करडे ओरखडे झिलईवर बसतात. हे सगळं भांडी घासणाऱ्या मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, एवढं आजारी आहे तर आणलं कशाला?"

तर काका. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खात्याला हे अजून कुणी कळवलेलं नसावं. त्यांच्या बाथरूमच्या छताला दोन वर्षं ओल आहे आणि त्यांच्या मते ती माझी आहे. गेल्या वर्षी रीतसर चाचणी झाली. माझ्या बाथरूमच्या जाळीत बोळा घालून चोवीस तास पाणी साठवलं. खाली थेंब नाही. तरी शेजारधर्म म्हणून फरशीचे सगळे सांधे भरून घेतले, १८ हजार रुपये गेले. पावसाळ्यात डाग पुन्हा हजर. बाहेरच्या भिंतीवरून पाइप जातो, त्याला पिंपळ फुटलाय, तो रस्त्यावरून कुणालाही दिसतो. पण पिंपळ मेंटेनन्स भरत नाही, मी भरतो.

काल संध्याकाळी काका टॉर्च घेऊन आले. बाकी कप सिंकमध्ये होते म्हणून बायकोने त्यांना माझ्या मगातून चहा दिला. काकांनी दोन घोट घेतले, मग टीपॉयवर ठेवला, उचलला आणि तसाच हवेत धरून खाली बघत बसले.

"हे काय?"

"काय?"

"ओल."

गवई षड्ज लावतो तसा काका 'ओल' हा शब्द लावतात. आधी श्वास, मग स्वर, मग शांतता. टीपॉयवर एक पुसट, गोल, ओलसर कडं उमटलं होतं.

"चहा सांडला असेल वरून," मी म्हटलं.

"वरून सांडला तर ओघळ येतो. एका बाजूनं येतो. हे वर्तुळ आहे. पूर्ण." काकांनी रुमालाने कडं पुसलं, मगाचा तळही पुसला, पुन्हा ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ वर केलं. आम्ही तिघं मगाकडे बघत बसलो. आमच्या लग्नाच्या मुहूर्तालाही घड्याळाकडे इतकं एकटक कुणी पाहिलं नव्हतं. पाच मिनिटांनी काकांनी मग उचलला. कडं होतं.

"बाथरूमच्या वेळीसुद्धा तुम्ही हेच म्हणालात. वरून सांडलं असेल."

मी म्हणालो, काका, हे स्टोनवेअर आहे. साधारण १२०० अंशांच्या वर भाजतात, माती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते. तळाच्या कडेला मुद्दाम झिलई लावत नाहीत, लावली तर वितळून भट्टीतल्या फळीलाच चिकटेल.

"म्हणजे तळाला वॉटरप्रूफिंगच नाही!"

"आत आहे ना झिलई."

काकांनी उरलेला चहा बशीत ओतून घेतला (बशीही त्यांनी मागून घेतली) आणि मगात टॉर्च मारला. एवढ्या आत्मीयतेनं माझ्या मगात आजवर मीही डोकावलो नव्हतो.

"तडे आहेत."

"तडे नाहीत हो, झिलईतल्या रेषा आहेत त्या. निवताना माती आणि झिलई सारख्या आकसत नाहीत, त्याने पडतात. लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात."

"मग माझ्या स्लॅबचे पैसे कोण देतंय, सांगा. तिथंही रेषाच आहेत."

खरं सांगायचं तर एक वाक्य मी गिळलं होतं. माती पुरती भाजलेली असेल तर त्या रेषांनी काही बिघडत नाही. कच्ची राहिली असेल तर चहा रेषांतून मातीत शिरतो आणि तळातून बाहेर येतो. काकांना ते न सांगताच कळलं असावं. त्यांनी मग कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवला. चांगलं भाजलेलं भांडं 'टण्ण' वाजतं. माझा मग 'डब्ब' म्हणाला.

तेरच्या गोरोबाकाकांनी मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून थापटणं घेतलं आणि जमलेल्या संतांची डोकी एकेक करून वाजवून पाहिली. नामदेव तेवढे चिडले आणि तेच कच्चे ठरले, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ. तेव्हा आपण चिडायचं नाही, असं मी ठरवलं. आणि चिडलो.

चिडलो काकांवर, पण राग खरा त्या प्रदर्शनातल्या स्टॉलवाल्यावर. मगाबरोबर त्याने एक हातकागदाचं कार्ड दिलं होतं, 'माती श्वास घेते'. घेऊ दे की. पण साडेआठशे रुपये मोजल्यावर तिनं घामही गाळावा? जी माणसं जीव तोडून भट्टी लावतात, चुकलेलं भांडं स्वतःच्या हाताने फोडून टाकतात, त्यांच्या नावावर असली अर्धीकच्ची भांडी खपवायची आणि वर कविता द्यायची. माठ पाझरला तर पाणी गार होतं, निदान. चहा पाझरून काय मिळतं?

"वाद नको," काका उठले. "कोरड्या पेपरवर ठेवा. काठोकाठ पाणी. रात्रभर. सकाळी सातला येतो."

जाता जाता जिन्यात भेटेल त्याला त्यांनी हे सांगितलं असणार.

सकाळी सव्वासहाला उठून मी मग उचलला. पेपरवर कडं. चांगलं गलेलठ्ठ, नेमकं राशिभविष्यावर. माझी रास पार भिजलेली. बायको दारात उभी राहून स्टीलच्या फुलपात्रातून चहा पीत होती. तिने पाहिलं, ती काही बोलली नाही. मी ओला पेपर रद्दीत खालून तिसरा सरकवला, आंघोळ उरकली, सातला मिनिटभर असताना मगाचा तळ खसाखसा पुसला, दुसरा पेपर अंथरला आणि मग त्यावर ठेवला.

सातच्या ठोक्याला बेल. काकांनी मग उचलला. पेपर कोरडा. तळहात फिरवून पाहिला, वास घेतला, टॉर्च मारला. कोरडा. मी छाती पुढे काढून उभा. काकांनी खिशातून चष्मा काढला आणि सावकाश वाचायला लागले.

"पाऊस दोन दिवस लांबणार म्हणतायत."

"बरं झालं," मी म्हटलं.

"आजचाच आहे ना हा पेपर?"

"हो, आत्ता सहाला..." इथे मी थांबलो.

काकांनी पेपरची व्यवस्थित घडी घातली. टॉर्च बंद केला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले,

"गेल्या वर्षी त्या जाळीत बोळा कोणी घातला होता हो? तुम्हीच ना?"