वस्तरा आहे का, वस्तरा?

सलूनमधल्या पोराला मी विचारलं, “वस्तऱ्याने करतोस का रे दाढी?” तो म्हणाला, “म्हणजे काय काका, वस्तराच आहे हा.” आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने एक ब्लेड कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं स्टीलच्या खोबणीत सरकवलं आणि उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी आरशाखाली ठेवून दिलं. शब्द शाबूत आहे. वस्तू तेवढी गेली.

माझ्या डोक्यातला वस्तरा वेगळा. वाईच्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी धोकटी घेऊन एक काका यायचे. ओसरीवर वडील पाटावर, काका समोर उकिडवे. आधी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फट्फट् मागेपुढे व्हायचा, मग साबणाचा फेस, मग गालावरून ती खर्र खर्र. एरवी घर डोक्यावर घेणारे वडील तेवढा पाव तास गप्प असायचे. आई नेमकी तेव्हाच खर्चाचे विषय काढायची. आमच्या घरातला मिक्सर आणि थोरल्या बहिणीची कॉलेजची फी, दोन्ही त्या पाटावर मंजूर झालेली आहेत. गळ्यावर वस्तरा असताना माणूस ‘नाही’ म्हणत नाही. मान हलवायची तर सोयच नसते.

तशी दाढी एकदा तरी करून घ्यायची, असं पन्नाशी उलटल्यावर माझ्या मनाने घेतलं. रजा काढून शोधायला निघालो, तो वार नेमका सोमवार. पुण्यातल्या एकूणएक सलूनला कुलूप. बायको म्हणाली, “अहो, पन्नास वर्षं दाढी वाढवताय, सोमवारी सलून बंद असतं एवढं कळू नये?”

मंगळवारी कोथरूडमधलं एक एसी दुकान गाठलं. तिथे दाढी नव्हती, ‘रॉयल शेव्ह’ होती, साडेचारशे रुपयांची. गरम टॉवेल झाला, कोळशाचा लेप झाला, डी-टॅन करू का म्हणून तीनदा विचारून झालं. शेवटी निघालं ते अर्धं ब्लेडच. बिनपाण्याने हजामत म्हणतात ती हीच, फक्त कोमट पाण्याने केलेली.

पेठेतल्या जुन्या सलूनकडून फार आशा होती. आत शिरलो तर समोरच पाटी: ‘प्रत्येक ग्राहकासाठी नवीन ब्लेड वापरले जाते.’ मालक म्हणाले, “साहेब, वस्तरा काढला तर उद्यापासून गिऱ्हाईक येईल का?” त्यांचंही खरं. फेकून द्यायच्या पात्याचं पेटंट जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाला १९०४ साली मिळालं, तरी आपल्याकडच्या वस्तऱ्याने पुढे कित्येक वर्षं दाद दिली नव्हती. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा आढळली, आणि पुढे एकच पातं दहा गळ्यांवरून फिरतंय या विचाराने लोकांच्या अंगावर काटा यायला लागला. काटा आलेल्या अंगावर दाढी नीट होत नाही.

बुधवारी जुना बाजार. तिथे चक्क वस्तरा मिळाला. जर्मनीतल्या झोलिंगेनचा, शिंगाच्या मुठीचा. विकणारा म्हणाला, “माल अस्सल आहे. पण हात कुठून आणणार?” मी घरी आणून आरशासमोर उघडून पाहिला आणि तसाच मिटून ठेवला. सध्या बायको त्याने पार्सलच्या चिकटपट्ट्या कापते.

हात शेवटी वाईतच सापडला. भाचीच्या लग्नाला गेलो होतो. घाटाकडे जाणाऱ्या बोळात एक लाकडी खुर्ची, डाग पडलेला आरसा आणि भिंतीला खिळ्यावर चामड्याचा पट्टा! पट्टा बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका सत्तरीच्या पुढचे. “वस्तरा?” म्हणाले, “आहे की. स्वतःपुरता ठेवलाय. गेल्या दिवाळीपासून दुसऱ्या कुणाला लावला नाही.” त्यांनी तो उकळत्या पाण्यात बुडवला, स्पिरिटने पुसला आणि पट्ट्यावर फट्फट् सुरू केलं.

ते फट्फट् ओसरीवरून ऐकायला फार गोड लागतं. खुर्चीत बसून ऐकलं की आपला विमा आठवतो. काकांचा चष्मा काडीला दोरा बांधलेला होता. “काका, ब्लेडच लावता का?” असं म्हणायला मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझं नाक चिमटीत धरून वर उचललं आणि ओठावरून पातं फिरवलं. मग गाल. मग हनुवटी वर करून गळा. खर्र. खर्र. आवाज अगदी तोच होता. मी मात्र श्वास कोंडून छताच्या वाशांवरची जळमटं मोजत होतो.

तेवढ्यात दारात बायको. “इथे आहात होय! अहो, ऐकलं का, तो सोफा बदलायचाच आहे आता. आणि मे महिन्यात आईकडे महिनाभर जाईन म्हणते.”

मी बुबुळं तिच्याकडे वळवली. तेवढीच हलवता येत होती.

“सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं मला,” ती काकांना म्हणाली, “सावकाश होऊ द्या.”