रखमाबाईंना कोणत्याही राणीने सोडवले नाही

माझी भाची कुडाळला नववीत शिकते. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तिने डॉ. रखमाबाई राऊत यांच्यावर सात मिनिटांची एकपात्री बसवायला घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत ती दाखवायला माझ्याकडे वेंगुर्ल्याला आली. शेवटच्या प्रसंगात ती खुर्चीवर चढली, पुठ्ठ्याला सोनेरी कागद डकवून केलेला मुकुट तिने डोक्यावर ठेवला, रुमालाने डोळे टिपले आणि व्हिक्टोरिया राणीच्या थाटात म्हणाली, "हे लग्न आजपासून मोडले!" हे कुठून आणलेस, असे मी विचारले तेव्हा तिने मोबाईल पुढे केला. आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर तिच्या काकांनी पाठवलेला तो मजकूर होता आणि त्याखाली मी सोडून बाकी सर्वांनी हात जोडले होते.

मजकुराचा सारांश असा: अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना दारुड्या नवऱ्याने छळून घराबाहेर काढले, असल्या रानटी गोष्टी आपल्याकडे नव्हत्याच, त्या इंग्रजांनी आणल्या, लोकमान्य टिळकांसह सारे पुढारी तिच्या पाठीशी उभे राहिले, तिचे पत्र वाचून व्हिक्टोरिया राणीला रडू कोसळले, राणीने सहा महिन्यांची शिक्षा रद्द करून लग्न मोडीत काढले आणि रखमाबाई भारतातील पहिली घटस्फोटित स्त्री ठरली, त्यामुळेच मुलींच्या लग्नाचे वय अठरा झाले, पुढे ती देशातील पहिली महिला डॉक्टर झाली. यातले अकरा आणि सहा हे दोन आकडे बरोबर आहेत.

नवऱ्याने घराबाहेर काढायचे तर रखमाबाई आधी त्याच्या घरात असायला हव्या होत्या. त्या तिथे नांदायला कधी गेल्याच नाहीत आणि सारा खटला त्यावरूनच उभा राहिला. लग्नानंतर त्या आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे मुंबईत राहिल्या, मिळेल ते वाचत राहिल्या. नवरा दादाजी भिकाजी यांनी शिकून स्वतःच्या पायावर उभे राहावे अशी सासरेबुवांची अपेक्षा होती. ते मामाच्या घरी जाऊन राहिले आणि शिक्षण तिथेच थांबले. १८८४ साली दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, कारण जे एकत्र नांदणे कधी सुरूच झाले नव्हते ते 'पुन्हा' सुरू करा, असा हुकूम देण्याला कायद्यात आधार नाही असे त्यांचे मत होते. म्हणजे रखमाबाईंचा पहिला विजय ज्या एका वस्तुस्थितीवर उभा होता, तीच या मजकुराने उलटी करून टाकली आहे. छळलेली बायको दाखवली की लोकांना लगेच कळवळा येतो हे मला कळते. पण रखमाबाईंचे म्हणणे त्याहून कितीतरी धीट होते. ज्या वयात संमती देता येत नाही त्या वयात लावलेले लग्न मी मानत नाही, असे त्या सांगत होत्या.

पुढच्या वर्षी अपिलात हा निकाल फिरला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीला आले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. त्यावर रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. बावीस वर्षांच्या बाईने एवढ्या मोठ्या न्यायालयाला दिलेले हे उत्तर ज्याला रंगमंचावर अपुरे वाटते आणि त्यापुढे रडणारी राणी आणावीशी वाटते, त्याने एकपात्रीच्या वाटेला जाऊ नये.

आता त्या राणीकडे वळू. यात अर्धे सत्य आहे, तेवढे नाइलाजाने मान्य करते. एप्रिल १८८७ मध्ये रखमाबाईंचे एक पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आले. ते राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते आणि त्या निमित्ताने हिंदू स्त्रियांसाठी कायद्यात एक वाक्य घालावे, मुलगा वीस व मुलगी पंधरा वर्षांची होण्यापूर्वी लागलेले लग्न न्यायालयाने ग्राह्य धरू नये, अशी मागणी त्यात होती. स्वतःची शिक्षा माफ करा, अशी विनवणी करणारे हे पत्र नव्हते. आमच्या दशावतारात संकट पराकोटीला पोचले की देव प्रकट होतो, वर देतो आणि रात्रभर जागलेले लोक समाधानाने घरी जातात. मजकूर लिहिणाऱ्याने राणीला नेमके तेच काम दिले आहे. दशावतारात ते शोभते, कारण तिथे आपण इतिहास सांगतो आहोत असा कोणाचा दावा नसतो.

प्रत्यक्षात काय झाले ते इतिहासकार सुधीर चंद्र यांनी न्यायालयीन कागदपत्रे आणि त्या काळची वृत्तपत्रे तपासून या खटल्यावर लिहिलेल्या पुस्तकात सविस्तर आले आहे. जुलै १८८८ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. राणीचा हुकूम नाही, शिक्षेची माफी नाही आणि लग्नाचा विच्छेदही नाही. फॅरन यांचा निकाल कायद्याच्या दृष्टीने जागच्या जागीच राहिला. हा शेवट कोणाला आवडणार नाही हे उघड आहे, कारण त्यात टाळ्यांची जागा नाही. एका बाईला न झालेल्या संसारातून सुटण्यासाठी पैसे मोजावे लागले, एवढेच त्यात आहे.

काल्पनिक राणीमुळे असे काय बिघडले, असे भाचीने मला विचारलेच. बिघडते ते असे, की राणीने सारे मिटवले म्हटले की तो कायदा तेव्हाच संपला असे वाटू लागते. तो संपला नव्हता. नांदायला न जाणाऱ्या जोडीदाराला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली काढून टाकली गेली, म्हणजे रखमाबाईंच्या निकालानंतर छत्तीस वर्षांनी. खुद्द दावा तर आजही लावता येतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातले कलम ९ त्यासाठीच आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. ज्या ग्रुपवर या मजकुराला हात जोडले गेले त्याच ग्रुपवरच्या एका घरात अशीच 'नांदायला ये' नोटीस आलेली आहे, आणि हा योगायोग तिथे कोणाच्याही लक्षात आलेला नाही.

'पहिली घटस्फोटित स्त्री' हा शोध तर निव्वळ हास्यास्पद आहे. रखमाबाईंचा घटस्फोट कधी झालाच नाही आणि त्या काळच्या हिंदू कायद्यात तो मागण्याची सोयही नव्हती. दुसरीकडे, आपल्याकडच्या अनेक जातींत काडीमोड आणि पाट, म्हणजे बाईचे दुसरे लग्न, रूढीने चालत आले होते. खुद्द जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या आणि त्यांचा पुनर्विवाह झाला, कारण त्यांच्या सुतार समाजाला तो मान्य होता. कोकणातल्या वाड्यावाड्यांतून ज्या बायांनी पंचांसमोर काडी मोडून घेतली त्यांची गणती न करता कोणाला तरी 'पहिली' ठरवायचे, यात विस्मृतीत गेलेल्या स्त्रियांना न्याय मिळतो की त्या आणखी विस्मृतीत जातात?

हे सारे इंग्रजांनी आणले, या वाक्यातही थोडे तथ्य आहे आणि ते मी दडवणार नाही. वैवाहिक हक्क पुन्हा मिळवण्याचा दावा हा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला प्रकार आहे, धर्मशास्त्रातला नव्हे. पण अकराव्या वर्षीचे लग्न काही जहाजातून उतरले नव्हते. १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' या नावाने मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात लिहिलेल्या पत्रांत रखमाबाईंनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या आपल्याच रूढींवर बोट ठेवले होते. सर्वांत प्रिय असलेला अभ्यास आणि आपण यांच्यामध्ये हे लग्न आडवे आले, असे त्यांनी लिहिले. एकपात्री करणाऱ्याला यापेक्षा चांगला संवाद हवा तरी कशाला?

टिळकांचा मुद्दा आम्हा कोकणातल्या माणसांना अवघड जातो म्हणून आटोपशीरच लिहिते. रत्नागिरीत जन्मलेल्या या थोर पुरुषाने रखमाबाईंच्या प्रकरणात लेखणी चालवली ती दादाजींच्या बाजूने, आणि शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय ठरवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यालाही विरोध केला. परक्या सरकारने आमच्या समाजात हात घालू नये, ही त्यांची भूमिका समजून घेता येते. पण तिला 'पाठीशी उभे राहणे' म्हणत नाहीत. रखमाबाईंच्या बाजूला आगरकर होते, समाजसुधारक बेहरामजी मलबारी होते, न्यायालयात त्यांची बाजू मांडणारे काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. संमतिवयाच्या वादात शास्त्राधार काढून कायद्याचे समर्थन करणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर तर आमच्या मालवणात जन्मलेले. कोकणचा अभिमानच मिरवायचा असेल तर हेही नाव हाताशी आहे.

उरलेले दोन दावे चार ओळींत संपतात. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले, लग्नाचे नव्हे. त्याला तातडीचे निमित्त झाला तो बंगालमधल्या फुलमणी दासी या कोवळ्या मुलीचा मृत्यू, रखमाबाईंच्या खटल्याने जमीन तयार केली होती एवढेच. मुलींसाठी अठरा हे वय १९७८ मध्ये आले. आणि पहिली महिला डॉक्टर म्हणाल, तर १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत पदवीधर झाल्या होत्या आणि कलकत्त्यात कादंबिनी गांगुली व्यवसाय करू लागल्या होत्या. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला शिकायला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोटमध्ये त्यांनी काही दशके स्त्रियांवर उपचार केले. एवढ्या वर्षांच्या कामाला मजकुरात अर्धी ओळ मिळाली आहे.

भाचीने राणी काढून टाकली. मुकुट तिच्या धाकट्या भावाने पळवला. आता शेवट न्यायालयातल्या नकारावर होतो आणि नंतर ती टेबलावर दोन हजार रुपयांची थैली ठेवते. मात्र एका प्रसंगावर आमचे अजून जमलेले नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. जे लग्न मानलेच नाही त्याचे वैधव्य का पाळायचे, असे भाची चिडून विचारते आणि तो प्रसंग गाळू म्हणते. मी तो ठेव म्हणते. तिने घरातून आजीचे एक पांढरे लुगडे आणून ठेवले आहे. ते तालमीत अजून तिने नेसलेले नाही.