लोंढ्याहून रिकार्टन जंक्शनला

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच रामायण चाललंय. बेळगाव स्टेशनच्या बोर्डावर मराठी नाही. एकजण म्हणाला देवनागरी हाय की, तर दुसरा म्हणतो ती हिंदी, मराठी नव्हं, मराठीत बेळगाव असतं, बेळगावी नसतं. मग २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं तेव्हा कोण कुठं होता याचा हिशोब निघाला, मग सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, मग २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेली केस, मग कुणाचा तरी काका सत्याग्रहात होता ते. सकाळी चहा ठेवून फोन बघतो तर दोनशे अठरा मेसेज.

मी मधेच एक लिहिलं, बोर्डाचं सोडा रे, धारवाडची नवी लाईन कित्तूरवरनं नेणार म्हणतात, मग आपल्या लोंढा जंक्शनचं काय होणार ते बोला. एकानं अंगठा दिला. बाकी सगळे परत बोर्डावर.

माझ्या डोक्यात लोंढा आला त्याला कारण होतं. त्याच रविवारी मी आणि बायको रिकार्टन जंक्शन बघून आलो होतो. गाला म्हणजे स्कॉटलंडातलं आमचं गालाशील्स, तिथून हॉइक, पुढे व्हिट्रोपला गाडी लावायची आणि जुन्या लाईनीच्या मातीवरनं दोनेक मैल चालत जायचं. दोन्ही बाजूला सिट्का स्प्रूसची झाडी, इतकी दाट की दुपारी दोनला संध्याकाळ झाल्यासारखी वाटते, आणि मिजेस म्हणजे इथल्या चावऱ्या चिलटांनी डोक्याभोवती जो घोळका केला त्याबद्दल न बोललेलं बरं. शेवटी गवतातनं एक लांबलचक दगडी कड वर आलेली दिसली. तो प्लॅटफॉर्म. स्टेशनमास्तरचं घर अजून उभं आहे, शाळेचं पण. बाकी तीसेक घरांचं गाव होतं तिथं आता नेटल्सची खाजरी झाडं आणि ब्रॅकनचं रान.

या गावाला रस्ताच नव्हता. १८६२ ला जंक्शन झालं, एडिंबरा-कार्लाईलची वेव्हर्ली लाईन आणि हेक्समकडे जाणारा फाटा इथं मिळायचे, आणि त्यासाठी म्हणून डोंगरात गाव वसवलं. राहणारा जवळजवळ प्रत्येकजण रेल्वेचा. वाणसामान गाडीनं, डॉक्टर गाडीनं, किराणाचं दुकान चक्क प्लॅटफॉर्मवर. रस्ता आला तो अगदी शेवटी, तोसुद्धा जंगलखात्याचा. १९५६ ला हेक्समच्या फाट्यावरची पॅसेंजर बंद झाली आणि जंक्शन नावापुरतं राहिलं. १९६९ च्या जानेवारीत सगळी लाईनच बंद, रूळसुद्धा उचलून नेले.

मला तिथं उभं राहून मामाचं लोंढ्याचं क्वार्टर आठवलं. मीटरगेजचे दिवस. मुंबईहून येणारा पाहुणा मिरजेला उतरून गाडी बदलायचा, कुली ट्रंका घेऊन पळायचे, आणि लोंढ्याला गोव्याकडची गाडी येईपर्यंत आम्ही पोरं बाकड्यावर झोपलेली. कॅसलरॉकच्या पलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते, कस्टमवाले डबे उघडून बघायचे म्हणे, ते मामाच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेलं. आज बेळगावहून धारवाडला जायचं तर खानापूर, लोंढा, अळणावर असा वळसा आहे. तो वळसा आहे म्हणून लोंढ्याला चहावाला आहे. गोव्याची लाईन आहे तोवर लोंढा मरणार नाही हे मलाही कळतं, पण हेक्समचा फाटा तुटला तेव्हा रिकार्टनवाल्यांनीपण असंच म्हटलं असणार ना, मेन लाईन आहे की!

तर हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भलं मोठं. त्यात थोडी अक्कलपण शिकवली, कबूल करतो. म्हटलं आमच्या गालाच्या स्टेशनावर इंग्रजीखाली गेलिक नाव आहे, या भागात गेलिक कोणी बोलत नाही, पेपरात दोन-चार पत्रं आली, संपला विषय. २०१४ ला तर स्कॉटलंडनं देश वेगळा करायचा का यावर मत दिलं, शेजारच्या खिडकीत यस, आमच्या समोर नो, आणि संध्याकाळी दोघं एकाच पबमध्ये. एक बस फुटली नाही. आम्हीपण सीमाभागातच राहतो म्हटलं, नावच बॉर्डर्स.

(शेजारच्या आजोबांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले आम्ही तीनशे वर्षं एकमेकांची गुरं पळवून घरं जाळली, दमलो, म्हणून आता पबमध्ये. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

दुसरी पण एक गोष्ट लिहिली नाही. १९६९ च्या ५ जानेवारीच्या रात्री लंडनची शेवटची स्लीपर गाडी याच लाईनीवरनं जाणार होती तर न्यूकॅसलटनच्या लोकांनी रेल्वे गेट बंद करून गाडीच अडवली. पाद्र्याला पोलिसांनी उचललं, गाडीत खासदार डेव्हिड स्टील होते, त्यांनी खाली उतरून मध्यस्थी केली, पाद्र्याला सोडलं, तेव्हा गेट उघडलं. हे वाचून मला बेळगावच्या टिळकवाडीचं तिसरं रेल्वे गेटच दिसलं. म्हणजे इथले लोकपण भांडलेच की. आणि गाडी गेलीच. २०१५ ला एडिंबरापासून ट्वीडबँकपर्यंत परत आली, ९८ मैलांतला तिसरा हिस्सा, त्यावरच मी रोज ऑफिसला जातो.

रात्री चुलतभावाचा फोन. "दादा, काय करूलालास तिकडं, जंगलात फिरूलालास होय?" मग म्हणाला, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी, देसूरच्या लोकांची पिकाऊ जमीन त्या नव्या लाईनीत जाऊलालीया, मोर्चाला मी गेलतो, तू लोंढ्याची काळजी करूलालास, आमची कोण करणार? आणि बोर्डासाठीपण मीच जातो. दोन्हीला माणसं तीच असतात.

मी गप्प. त्याला काय सांगू की मागच्या गणपतीत मंडळात एक पुण्याच्या बाई मला म्हणाल्या, तुम्ही कन्नड लोक किती छान मराठी बोलता. ऑफिसातला बंगलोरचा मुलगा माझ्याशी पहिल्या दिवशी कन्नडमध्ये सुरू झाला आणि मला "स्वल्प स्वल्प" च्या पुढे गेलं नाही, तर त्याचं तोंड बघण्यासारखं. इकडच्या लोकांना मी सरळ "नियर गोवा" सांगतो. वीस वर्षं झाली, पूर्ण पत्ता अजून कुणाला सांगितला नाही.

फोन ठेवल्यावर मी ग्रुपवर रिकार्टनच्या प्लॅटफॉर्मचा फोटो टाकला, काही न लिहिता. पाच मिनिटांत उत्तर आलं, "बोर्ड कुठाय गा? बोर्ड नाही तर कुठलं गाव ते कसं कळायचं?"

बायको बाजूलाच होती. तिनं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं, कारण तिथं पोचल्यावर पहिला अर्धा तास मी ओल्या गवतात काठी घालत काय शोधत होतो ते तिला माहीत होतं.