‘झिरो लेटन्सी’चा मेसेज आणि भाच्याचा गोठलेला माऊस

रविवारी रात्री मिरजेहून बहिणीचा फोन. “दादा, ह्याच्या कॉम्प्युटरचा माऊसच हलेना झालाय. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आत अडकलंय आणि हा रडकुंडीला आलाय.” हा म्हणजे माझा भाचा. आईच्या भजनी मंडळाचे अभंग घरीच रेकॉर्ड करतो, यूएसबी कीबोर्डवर हार्मोनियमचा आवाज लावून साथही स्वतःच करतो. पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो (यालाच लेटन्सी म्हणतात), ही त्याची जुनी रड. त्यावर कुणीतरी त्याला रामबाण उपाय पाठवला होता. तोच मेसेज आठवडाभरात मला आणखी तीन ग्रुपवर आला, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कॉम्प्युटरचा ऑडिओ डिले ‘१००% झिरो’ होतो. त्यासाठी टास्क मॅनेजरमध्ये सॉफ्टवेअरची प्रायॉरिटी (कुणाचं काम आधी) ‘रिअलटाइम’ करा, डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करून सोबतची ‘बूस्टर’ फाइल टाका, सॅम्पल रेट १९२ किलोहर्ट्झ ठेवा, रॅम वाढवा, वायफाय बंद करा, गेमिंग मोडचे ब्लूटूथ इअरबड्स घ्या. एवढं केलंत की पुण्यात बसून अमेरिकेतल्या शिष्याला लाइव्ह साथ करता येईल. शेवटी हात जोडलेले इमोजी.

आधी रिअलटाइम, कारण माऊस त्यानेच गोठवला. नाव ऐकून वाटतं, रिअलटाइम ऑडिओला रिअलटाइम प्रायॉरिटी, यात चुकतंय काय? विंडोजमध्ये प्रायॉरिटीच्या ० ते ३१ पायऱ्या आहेत आणि १६ पासून वरचा सगळा मजला या रिअलटाइम वर्गाचा. तिथे बसलेला प्रोग्रॅम खुद्द विंडोजच्या महत्त्वाच्या कामांनाही बाजूला सारतो. मायक्रोसॉफ्टने डेव्हलपर लोकांसाठी लिहिलेल्या माहितीत याच वर्गाबद्दल स्पष्ट बजावलंय: असा प्रोग्रॅम क्षणापेक्षा जास्त वेळ चालत राहिला तर डिस्कवर लिहायचा मजकूर लिहिलाच न जाणं, माऊस प्रतिसाद न देणं, असे प्रकार होऊ शकतात. बहिणीने फोनवर सांगितलं ते जवळजवळ शब्दशः हेच. भाच्याने तीन-चार जड प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्रॅम) लावले, प्रोसेसरचे सगळे कोअर भरले, आणि माऊसला बिचाऱ्याला संधीच मिळेना. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागलं. चाळीस मिनिटं गेली ती गेलीच.

गंमत म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसतील तर विंडोज गुपचूप ‘रिअलटाइम’ऐवजी ‘हाय’ लावून मोकळं होतं. म्हणजे विंडोजने एक कडी लावून ठेवलीय. मेसेज लिहिणाऱ्याने ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करायला विसरू नका’ असं ठळक अक्षरात लिहून तीही काढायला लावली. आणि या सगळ्याची गरज शून्य. व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी सोय आहे की ऑडिओ सॉफ्टवेअर स्वतःच्या फक्त आवाज हाताळणाऱ्या धाग्यापुरती (थ्रेडपुरती, म्हणजे प्रोग्रॅममधल्या त्या एका कामापुरती) वरची प्रायॉरिटी मागून घेतं. धडपणे लिहिलेलं सॉफ्टवेअर ती मागतंच. तुम्ही आख्खा प्रोग्रॅम, त्याच्या खिडक्या, मेनू आणि चित्रांसकट वरच्या मजल्यावर चढवता, त्याने आवाज लवकर येत नाही.

आता ‘१००% झिरो’. सांगली-मिरज भागातल्या लोकांना वडाप, म्हणजे शेअर जीप, सांगायला नको. जीप भरल्याशिवाय हलत नाही. कॉम्प्युटरमधला आवाज असाच वडापने जातो. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, स्टँडवर येतात. बफर, म्हणजे एका खेपेची जीप, २५६ चा असेल तर २५६ सीट भरेपर्यंत थांबायचं, म्हणजे ५.३ मिलिसेकंद. १२८ चा घेतला तर २.७. जीप लहान, फेऱ्या दुप्पट, आणि पुढची खेप भरायच्या आत मागची पोचवून परत यायची सक्ती. एक फेरी चुकली की स्पीकरमधून टक्‌ असा आवाज येतो. तेव्हा हा उशीर म्हणजे झाडून टाकायचा कचरा नव्हे, फेरी चुकू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली सवड आहे. ती किती ठेवायची एवढंच आपल्या हातात असतं. बिनसीटची जीप अजून आलेली नाही.

झिरोची हौस असलेल्यांसाठी आणखी एक: हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. गवयापासून दीड मीटरवर बसलेला तबलजी त्याचा सूर चारेक मिलिसेकंद उशिराच ऐकतो. लेटन्सीमुळे मैफल रद्द झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

‘बूस्टर’ फाइलबद्दल काय बोलायचं? अँटिव्हायरस बंद करा आणि मग अनोळखी फाइल चालवा, असं सांगणारा माणूस तुमच्या लेटन्सीची काळजी करत नाहीये. भाच्याने ती उघडली नाही, पण डिफेंडर मात्र चार दिवस बंद ठेवला होता.

रॅमने उशीर कमी होत नाही. मोठमोठे सॅम्पल केलेले वाद्यसंच भरायला रॅम लागते, ते काम वेगळं. ब्लूटूथ तर विचारूच नका. साध्या ब्लूटूथ हेडफोनला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, गेमिंग मोडने ते कमी झाले तरी वायरच्या जवळपास येत नाहीत. १९२ किलोहर्ट्झमध्ये अर्धं सत्य आहे हे कबूल: बफरचा आकडा तोच ठेवला तर वेळ पाव होतो, कारण प्रवासी चौपट वेगाने येतात. पण प्रोसेसरला कामही चौपट. मग टकटक सुरू होते, माणूस बफर वाढवतो आणि फिरून होता तिथेच येतो.

वायफाय बंद करायचा सल्ला मात्र, नाइलाजाने म्हणतो, बरोबर निघू शकतो. काही वायफाय ड्रायव्हर (यंत्र आणि विंडोज यांना जोडणारे प्रोग्रॅम) प्रोसेसरला मध्येच जास्त वेळ अडवून धरतात आणि ऑडिओची फेरी चुकते. वायफाय बंद केल्याने उशीर थेट कमी होत नाही, पण टकटक थांबली तर लहान बफर परवडतो. रेकॉर्डिंगपुरतं बंद ठेवा. मेसेजवाल्याला एक मार्क.

राहिली अमेरिका. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल नाकासमोर सरळ टाकली, मधे एकही यंत्र नसलं, तरी जायला ६२ आणि यायला ६२ मिलिसेकंद. तुमची सम तिकडे पोचून त्याची सम तुमच्या कानावर येईपर्यंत सव्वाशे मिलिसेकंद गेले. द्रुत तीनतालात दोन मात्रांमधलं अंतरच कधी कधी जवळपास तेवढं असतं. शिकवणी जरूर घ्या, एकाने गावं, दुसऱ्याने ऐकून म्हणावं. पण साथ? टास्क मॅनेजरमध्ये काहीही निवडा, प्रकाशाची प्रायॉरिटी बदलत नाही.

सोमवारी मी मिरजेला गेलो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोजचा जुना सर्वसाधारण ड्रायव्हर निवडलेला होता. त्याच्या ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीच्या) कंपनीचा स्वतःचा एएसआयओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर टाकला आणि तो निवडला. निम्मं काम तिथेच झालं. मग आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल लावली, एक टिचकी वाजवून ती परत रेकॉर्ड केली आणि दोन्हींतलं अंतर मोजलं. २५६ च्या बफरला ८४२ सॅम्पल, म्हणजे १७.५ मिलिसेकंद.

“मामा, आत यायचा नि बाहेर जायचा बफर मिळून ५१२ होतात. वरचे ३३० कुठनं आले?”

प्रश्न चोख होता. ते यूएसबीची आणि ड्रायव्हरची राखीव सवड, आणि आवाजाचे आकडे नि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपचा वेळ. बफर १२८ केला, टिचकी पुन्हा वाजवली: ५८६. वरचे ३३० जागच्या जागी. आणि कीबोर्डला तर आत यायची ऑडिओ फेरी लागतच नाही, फक्त बाहेर जायची लागते. भाच्याने ‘रूप पाहता लोचनी’ची ओळ वाजवून बघितली आणि काही बोलला नाही. म्हणजे जमलं.

बहिणीची तक्रार वेगळी होती. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज पोकळ, मडक्यातून आल्यासारखा येतो म्हणाली. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतून लगेच पोचतो, त्यावर कॉम्प्युटरमधून फिरून आलेला थोडा मागचा आवाज बसला की असं होतं. इंटरफेसच्या पुढच्या बाजूला ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण होतं. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत न जाता तिथूनच हेडफोनकडे वळतो. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (फिरून आलेला आवाज ऐकवणं) बंद केलं, बटण दाबलं. मेसेजमधल्या ‘झिरो’च्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट ही, आणि त्यात तिचा उल्लेखच नाही. बटणावर भाच्याने ‘चालू करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. का, ते त्यालाही आठवेना.